कमांडर मालोजीराव कदम यांनी गादी सोडल्याचा कागद

मी, मालोजीराव जयसिंगराव कदम, वय अठ्ठ्याहत्तर वर्षे, भारतीय नौदलातून कमांडर या हुद्द्यावर निवृत्त, सध्या राहणार मिल्टन, ओंटारिओ, हा कागद शुद्धीवर राहून, रागात आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याने चालतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चालतं, फक्त माणूस भ्रमिष्ट नको. म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने घड्याळाचं चित्र काढायला लावलं आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवा म्हणाला. कुठल्या टाइम झोनचे, असं मी विचारलं. त्याने हसून सर्टिफिकेट दिलं. ते सोबत जोडलं आहे.

माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करण्याची या घरात कोणाची छाती नाही, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला आहे. माझी नात ऊर्मी हिचं इथल्या नेव्हीत जाणं अडून बसलं आहे आणि ती आपल्या बापाशी, म्हणजे माझा मुलगा यशोधन याच्याशी, साडेसात महिने बोललेली नाही. हा कागद त्यासाठी आहे. घरदार, पैसा हे निमित्त. ज्यांना घाई असेल त्यांनी सरळ कलम नऊवर जावं, पण माझा हुकूम असा की क्रमाने वाचावं.

कलम एक. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः २०१६ सालचं, ज्यात मी स्वतःला तीन वेळा 'श्रीमंत' म्हटलं आहे. व्यवस्थापक म्हणून माझी सून यामिनी हिला नेमतो. घेतलेली वस्तू जागेवर ठेवणारी या घरात ती एकटीच आहे.

कलम दोन. माझं दहन मशीनमध्ये करावं. फेटा बांधू नये. इथल्या मराठी मंडळाची शाल अंगावर टाकू नये. अस्थी लेक ओंटारिओत सोडू नयेत. मी गोड्या पाण्यातला माणूस नाही, आणि त्या तळ्याला समुद्र म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी थकलो आहे. हॅलिफॅक्सपर्यंत जाणं होत असेल तर खऱ्या समुद्रात सोडाव्यात. होत नसेल तर कपाटात राहू द्याव्यात.

कलम तीन. पुण्याचा वानवडीचा फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते सर्व यशोधनला. त्याचं लहानपण मी पाहिलं नाही. त्याच्या पहिल्या बारा वाढदिवसांपैकी मी तीनला घरी होतो, हा आकडा त्यानेच मला ऐकवला आहे. प्रभा, म्हणजे माझी कैलासवासी पत्नी, फोटोला दाखवून सांगायची, हे तुझे बाबा. फ्लॅट देऊन ते भरून येत नाही हे मला कळतं. मुलगी नेव्हीत जाऊ नये असं त्याला का वाटतं, हेही कळतं. त्याचं म्हणणं चूक आहे, पण त्याने ते नेहमी तोंडावर सांगितलं.

कलम चार. आता सुरंगगड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणपट्टीत बावीस गावांचं एक संस्थान होतं. तोफांची सलामी नव्हती, रेल्वे नव्हती, होता तो फक्त समुद्र आणि त्याच्या काठी आमचा वाडा. मी युवराज म्हणून जन्मलो आणि सात महिन्यांचा असताना संस्थान विलीन झालं. म्हणजे मी राज्य केलं ते पाळण्यातून.

आमच्या घराण्यात एक चाल होती. सात पिढ्यांपूर्वी कोणी एक पूर्वज गलबतातून गेला तो परत आला नाही, आणि गादी एकोणीस वर्षं वारसाविना राहिली. तेव्हापासून शपथ पडली की गादीच्या वारसाने भरतीच्या रेघेपलीकडे पाऊल टाकायचं नाही. ती रेघ दाखवायला वाळूत तीन दगड रोवलेले होते. नारळी पौर्णिमेला माझे वडील, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, जरीच्या पोशाखात त्या दगडांच्या अलीकडे उभे राहत. सोन्याचा मुलामा दिलेला नारळ ते कोळ्यांच्या पाटलाच्या हातात देत आणि पाटील तो नेऊन पाण्यात सोडी. ज्या समुद्राच्या मासळीवर आणि मिठावर संस्थान जगलं, त्याचं पाणी राजाच्या पायाला लागायचं नाही! कोळ्यांची शेंबडी पोरं लाटांत लोळायची आणि मी दगडाला टेकून बघायचो.

नऊ वर्षांचा असताना मी पळत जाऊन गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. ताशे थांबले. दादासाहेबांनी सर्वांदेखत माझे पाय विहिरीच्या पाण्याने अकरा वेळा धुवायला लावले आणि चपला जाळल्या. ते मला काही बोलले नाहीत, वर्षभर बोलले नाहीत. माझा राग त्या दिवसापासूनचा आहे. म्हणजे यंदा त्याला एकोणसत्तर वर्षं झाली.

कलम पाच. १९६४ च्या अखेरीस खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मला बोलावण्याचं पत्र आलं. परीक्षा मी पुण्याला मामांकडे राहून चोरून दिली होती. पत्र दादासाहेबांनी घेतलं, वाचलं आणि शिक्क्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. मला सांगितलं, काही आलेलं नाही. मी रोज पोस्टात जायचो. पोस्टमास्तर माझ्याकडे न बघता 'नाही युवराज' म्हणायचा, कारण पत्र त्यानेच आणून दिलेलं होतं. एकोणिसाव्या दिवशी आईसाहेबांनी पेटी उघडली आणि पत्र माझ्या ताटाखाली ठेवलं. हजर व्हायला दोन दिवस उरले होते. मी जेवण टाकून एस.टी. पकडली.

त्यानंतर दर दसऱ्याला पंगतीत माझ्या जागी पाट मांडून त्यावर माझं पागोटं ठेवत. त्या पागोट्याला वाढतसुद्धा असत. जिवंत मुलाचा याहून मोठा अपमान मला माहीत नाही. मी दादासाहेबांना क्षमा केली नाही. १९८९ साली ते गेले तेव्हा मी जहाजावर होतो, किनाऱ्याला लागेपर्यंत सहा दिवस गेले. अग्नी माझा चुलतभाऊ दिलीप याने दिला. बापाने मुलाचं पत्र दडवावं, याला माझ्या मते माफी नाही. हे वाक्य मी आयुष्यभर ज्याला त्याला ऐकवत आलो. ऊर्मीला तर शंभरदा ऐकवलं असेल. हे वाक्य लक्षात ठेवून पुढे वाचावं.

कलम सहा. माझी नौदलाची तलवार, पदकं आणि पांढरा गणवेश ऊर्मीला. हे सगळं मी कमावलेलं आहे. एकाहत्तरच्या लढाईत मी सब-लेफ्टनंट होतो. त्याच वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात सरकारने देशातल्या सगळ्या राजांच्या पदव्या आणि तनखे रद्द केले. मेसमध्ये सोबत्यांनी माझ्या खुर्चीवर पाटी लावली, 'माजी'. मी सगळ्यांत जास्त हसलो. जहाज माझ्या हाती आलं पंच्याऐंशी साली. त्यावरच्या एकाही माणसाने मला राजे म्हटलं नाही. 'सर' म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक आहे, त्यातही राजेपणाचं काही नव्हतं. कॅप्टन मात्र झालो नाही, कारण वरिष्ठांच्या चुका मी त्यांना सर्वांसमोर दाखवायचो. त्यातल्या दोघांना मी अजून नावानिशी शिव्या देतो, पण मृत्युपत्रात देत नाही.

दिलीपने वाड्याचं हॉटेल केलं आहे. तिथल्या बारमध्ये माझा गणवेशातला फोटो लावून खाली पितळी पाटी ठोकली आहे, 'ॲडमिरल महाराजा ऑफ सुरंगगड'. मी ॲडमिरल नव्हतो. महाराजा तर नव्हतोच नव्हतो. कमांडर होतो, आणि नेमका तेवढा शब्द त्या गाढवाने गाळला.

कलम सात. माझी दुर्बीण उल्हास याला पोचवावी. तो माझ्या जहाजावर सिग्नलमन होता, आता रत्नागिरीजवळ नातवंडांत असतो. पत्ता माझ्या वहीत आहे. शहाऐंशी साली वादळाचा इशारा देणारा एक संदेश त्याच्या हातात आला आणि तो जेवायला बसला. माझ्यापर्यंत कागद चाळीस मिनिटांनी पोचला. जहाजाला काही झालं नाही. मी त्याला चौदा दिवस कोठडीत टाकलं आणि त्याची बढती कापली. सगळ्या जहाजाला डेकवर उभं करून मी ओरडलो होतो की आलेला संदेश दाबून ठेवणारा माणूस समुद्रावर राहायला लायक नाही. दुर्बीण देताना त्याला कलम नऊ वाचून दाखवावं. त्याला बरं वाटेल.

कलम आठ. मराठी मंडळाला मी काहीही देत नाही. मंडळाचे अध्यक्ष संजय दर गणपतीत भाड्याने लग्नाचा लाल सोफा आणतात, मला फेटा बांधतात आणि त्यावर बसवतात. 'आपल्या मिल्टनमध्ये साक्षात राजेसाहेब!' असं माइकवर ओरडतात. मग पोरंसोरं सेल्फी काढतात आणि त्यांचे आईबाप मुजरा करतात, ज्यांतले निम्मे पुण्या-नागपूरचे सॉफ्टवेअरवाले आहेत आणि मुजऱ्याला कुठला हात लागतो हेही त्यांना माहीत नसतं. या सर्व प्रकाराचा मला संताप येतो असं मी घरी सांगतो. खरं असं आहे की मला ते आवडतं. मी महिनाभर आधी फेट्याला इस्त्री करून ठेवतो. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कलम नऊ. ऊर्मी बावीस वर्षांची आहे. जन्म इथलाच. किचनरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि तिथे तिचा जीव रमत नाही. गेल्या वर्षी तिने नेव्हीत अधिकारी म्हणून अर्ज केला. यशोधनने घर डोक्यावर घेतलं. मी मनातून पेढे वाटले. अर्जात नातेवाइकांच्या माहितीचं एक पान होतं. परदेशी सैन्यात कोणी होतं का, परदेशी सरकारात कोणी पदावर होतं का, असे प्रश्न. ते पान सही करून तिने माझ्याकडे ठेवलं.

"आजोबा, तुमच्या सर्व्हिसच्या डेट्स मला कुठे आठवणार? तेवढं फिल करा. मी वीकेंडला येऊन स्कॅन करते."

फक्त तारखा भरायच्या होत्या. मी तारखा भरल्या. मग 'पद' असा रकाना आला आणि माझ्या अंगात लाल सोफा संचारला. मी लिहिलं, सुरंगगड राज्याचा जन्मसिद्ध युवराज, १९८९ पासून घराण्याचा आणि गादीचा प्रमुख. तेवढ्याने भागलं नाही म्हणून अकरा पिढ्यांची वंशावळ वेगळ्या कागदावर लिहून जोडली आणि खाली चांदीचा शिक्का उठवला. वीकेंडची वाट न बघता प्लाझातल्या पोस्टाच्या काउंटरवर जाऊन स्वतः रजिस्टर केलं आणि तिला फोनवर सांगितलं, पान पाठवलं. नातीला चांगलं घराणं आहे हे त्यांना कळावं, असा माझा हेतू. तीस वर्षं नौदलात काढलेल्या माणसाने परदेशी नेव्हीच्या सुरक्षा-तपासणीच्या कागदावर स्वतःला दुसऱ्या देशाचा राजा म्हणून नोंदवलं! जहाजावर कोणी असला मूर्खपणा केला असता तर मी त्याला आठवडाभर शौचकूप धुवायला लावले असते.

जानेवारीत उत्तर आलं. कोपऱ्यावरच्या टपालपेट्यांची किल्ली माझ्याकडे असते, रोज बर्फातून जाऊन टपाल आणणं हे माझं काम. पाकिटावर ऊर्मीचं नाव होतं, अर्जावर तिने इथलाच पत्ता दिला होता. मी फोडलं. त्यात सभ्य भाषेत विचारलं होतं की सुरंगगड नावाच्या राज्याशी अर्जदाराच्या कुटुंबाचे सध्या काय संबंध आहेत, आणि त्या राज्याचे प्रमुख म्हणून आपले आजोबा कोणते अधिकार बजावतात. साठ दिवसांत खुलासा यावा, न आल्यास अर्ज बंद होईल.

उत्तर सोपं होतं. 'असं कोणतंही राज्य नाही. माझे आजोबा कोणाचेही राजे नाहीत.' इतकंच. ते ऊर्मीने दोन मिनिटांत लिहून टाकलं असतं. पण मग पत्र तिने वाचलं असतं, आणि मी काय करून ठेवलं ते तिला कळलं असतं. म्हणून मीच खुलासा लिहायला बसलो. चार वेळा लिहिला. दर वेळी त्या वाक्यापाशी पेन अडलं. पत्र मी माझ्या खणात, मोज्यांखाली ठेवलं. रोज वाटायचं, उद्या. साठ दिवस संपले.

गुढीपाडव्याला ऊर्मी घरी आली. पानं वाढलेली होती. ती बसली नाही.

"बाबा, दे सेड दे सेंट अ लेटर. जॅन्युअरीत. डिड यू टेक इट?"

"कुठलं लेटर? मला काहीच माहीत नाही," यशोधन म्हणाला.

"यू नेव्हर वॉन्टेड मी टू गो. जस्ट से इट."

"तू जाऊ नयेस असंच वाटतं मला, ते मी शंभर वेळा सांगितलंय. पण तुझं मेल मी कशाला लपवू?"

"बिकॉज दॅट्स व्हॉट दिस फॅमिली डज! आजोबांच्या बाबांनी पण हेच केलं होतं. आणि आजोबा म्हणतात, देअर इज नो फर्गिव्हनेस फॉर दॅट."

ती माझ्याकडे बघत होती, माझी साक्ष काढत होती. यशोधनही माझ्याकडे बघत होता, कारण टपाल मी आणतो हे त्याला माहीत आहे. त्याने ते बोलून दाखवलं नाही. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं होतं. मी मान खाली घातली आणि पुरी संपवली. श्रीखंडसुद्धा संपवलं. ऊर्मी गाडी काढून निघून गेली.

यशोधन त्यानंतर दर रविवारी तिला फोन करतो आणि ती उचलत नाही. यामिनीला करते, मला करते. मला 'आजोबा, ओन्ली यू गेट मी' म्हणते. ते ऐकून मी फोन ठेवतो आणि जेवतो, झोपतो, टपाल आणतो. दादासाहेबांनी एका शपथेसाठी पत्र दडवलं. मी एका रकान्यासाठी दडवलं. पेटी उघडल्यावर त्यांनी निदान स्वतःचं नाव लपवलं नाही, आणि दोष दुसऱ्या कोणावर जाऊ दिला नाही. माझ्या बापापेक्षा मी वाईट निघालो, आणि हे मी सही करून देत आहे.

कलम दहा. वरील कारणास्तव मी सुरंगगडची गादी, घराण्याचं प्रमुखपद, चांदीचा शिक्का, वंशावळीची मूळ प्रत आणि दसऱ्याच्या पंगतीतला पाट, हे सर्व माझा चुलतभाऊ दिलीप यास आजपासून, जिवंतपणीच, सोडून देत आहे. छत्तीस वर्षं त्याने हे मागितलं आणि छत्तीस वर्षं मी त्याला ताटकळत ठेवलं. अग्नी त्याने दिला होता, दरवर्षी शस्त्रपूजा तो करतो, वाड्याची कौलं तो बदलतो. हक्क त्याचाच होता. मी केवळ द्वेषापोटी दाबून ठेवला.

गेल्या रविवारी त्याला फोन केला.

"दिलीप, गादी घे."

"दादा, सकाळी सकाळी घेतलीय का तुम्ही?"

"शुद्धीत आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे. शिक्का कुरियरने पाठवतो, वर पत्र पाठवतो."

 मग म्हणाला, "दादा, मग बारमधला तो फोटो काढू का?"

"फोटो राहू दे. पाटी बदल. कमांडर लिही, ॲडमिरल लिहिलंस तर मी मेल्यावरही येऊन उपटीन."

तो रडायला लागला. मला त्याचा अजून राग आहे, पण आधीइतका नाही.

कलम अकरा. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. ही सोय भित्र्यांसाठी केलेली आहे. मी हे जिवंत असताना, येत्या रविवारी, यशोधन आणि ऊर्मी या दोघांना समोर बसवून वाचून घेणार आहे. मोतीबिंदूमुळे मला माझंच अक्षर नीट लागत नाही, म्हणून यशोधनने मोठ्याने वाचावं. ऊर्मीला मी तब्येतीचं कारण सांगून बोलावलं आहे. तेही खोटं आहे, पण हे शेवटचं.

भर. रविवारी दुपारी, सह्यांच्या आधी, लिहिलेली.

ऊर्मी आली. बापाच्या समोरची खुर्ची सोडून माझ्या शेजारी बसली. साक्षीदार म्हणून संजय आणि आमच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी विद्यार्थिनी श्रावणी हजर होते. यशोधन वाचायला लागला. कलम आठला संजयचा चेहरा उतरला, तरी ते बसून राहिले. कलम नऊच्या दुसऱ्या परिच्छेदाला यशोधन थांबला, पुढचं मनात वाचलं, आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, हे मी नाही वाचणार. हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा तिला."

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. साडेसात महिने!"

मी सांगितलं. अक्षर दिसत नव्हतं म्हणून न बघता सांगितलं. फॉर्म, वंशावळ, शिक्का, पाकीट, मोज्यांचा खण, पुरी. काही गाळलं नाही. सर्वांदेखत म्हणालो, "ऊर्मी, पत्र मी दडवलं. यशोधन, दोष तुझ्यावर जाताना मी गप्प बसलो. चूक माझी आहे. मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही."

ऊर्मी उठून उभी राहिली.

"यू लेट मी हेट हिम," ती म्हणाली. "आय कॉल्ड यू एव्हरी वीक. एव्हरी सिंगल वीक, आजोबा."

"हो."

"डोन्ट जस्ट से हो!"

 ती टेबलाला वळसा घालून बापापाशी गेली. "बाबा, आय ॲम सो सॉरी," एवढंच कसंबसं म्हणाली. यशोधनने तिच्या डोक्यावर हात ठेवला.  म्हणाला, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. यामिनीने आमटी गरम करायला ठेवली.

जेवण झाल्यावर ऊर्मीने लॅपटॉप उघडला. जुना अर्ज बंद झाला आहे, नवा भरावा लागेल, वर्ष-दीड वर्ष जाईल, कदाचित होणारही नाही. यशोधन तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. "मला अजूनही हे पसंत नाही," तो म्हणाला. "तरी स्पेलिंग तपासतो." नातेवाइकांचं पान आलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता विचारू लागली.

"फुल नेम?"

"मालोजीराव जयसिंगराव कदम."

"मिलिटरी रँक?"

"कमांडर. निवृत्त."

"एनी अदर टायटल ऑर पोझिशन? आता किंवा आधी कधी?"

संजय माझ्याकडे बघत होते.  मी म्हणालो, "सात महिन्यांचा असेपर्यंत युवराज होतो. सत्तेचाळीस ते अठ्ठेचाळीस. ते राज्य आता नाही. त्यानंतर काही नाही."

तिने ते तसंच लिहिलं. पुढचा रकाना होता, अर्जदाराशी नातं. तो तिने मला विचारला नाही. थोडा वेळ बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून बसली, आणि मग टाइप केलं. मोतीबिंदू असला तरी स्क्रीनवरची अक्षरं मोठी होती, मला वाचता आलं. ग्रँडफादर.

तिने मला क्षमा केलेली नाही. जाताना माझ्या पाया पडली नाही, बापाला मिठी मारून गेली. ते तसंच असायला हवं होतं, आणि मला ते फार लागलं. टपालपेटीची किल्ली मी आजपासून यामिनीच्या हवाली केली आहे.

वरील सर्व मजकूर, भरीसह, माझ्या अकलेप्रमाणे खरा असून तो मी दोन साक्षीदारांसमक्ष मान्य करून सही करत आहे. दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या.

स्थळ: मिल्टन, ओंटारिओ
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: मालोजीराव कदम

साक्षीदार १. संजय वाघुळदे, मिल्टन. (या कागदान्वये त्यांना काहीही मिळत नाही. कलम आठ ऐकूनही सही केली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.)

साक्षीदार २. श्रावणी पाचपोर, विद्यार्थिनी, राहणार वरीलप्रमाणे, तळघर.